ते पश्चिमेला गेलं होतं

हे मी आजवर कुणापाशी बोललेलं नाही. नवऱ्याला यातलं अर्धं ठाऊक होतं, आणि उरलेलं अर्धं त्यानं कधी विचारलं नाही – संसारात हा गुण फार सोयीचा असतो. आज तुम्हाला सांगते आहे. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा सत्तरी उलटली, गुडघे बोलायला लागले, आणि त्यांच्याबरोबर बाकीचंही बोलायला लागलं म्हणून असेल.

पण आधी मला तुम्हाला रॉकेट दाखवू द्या. ते न दाखवता पुढचं सांगितलं तर तुम्ही म्हणाल, ही बाई पगारासाठी खोटं बोलली. तसं असतं तर सांगायला सोपं गेलं असतं.

आम्ही कॅलिफोर्नियात, लोम्पोक नावाच्या गावी राहत होतो. बियाण्यासाठी फुलं पिकवणारं गाव. उन्हाळ्यात मैलोगणती जांभळी, पांढरी, लाल शेतं, आणि त्या शेतांपलीकडे, टेकड्यांच्या मागे, समुद्राला लागून लष्कराचा तळ. तिथून दोन प्रकारची रॉकेटं उडत. काही विज्ञानाचे उपग्रह घेऊन – हवेचा वरचा थर मोजणारे, ध्रुवाकडचा प्रकाश पाहणारे. आणि काही क्षेपणास्त्रं, चाचणीसाठी. मी नागपूरची इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर. तळावर रडारचं काम घेतलेल्या एका कंपनीत लागले. वर गेलेली वस्तू कुठे आहे, किती वेगानं चालली आहे, हे आमची रडारं सांगायची आणि त्याचं गणित मी बसवायची. बिनखिडकीच्या खोलीत, कागदाच्या भेंडोळ्यांवर.

म्हणून पहिलं उड्डाण मी सुटीच्या दिवशी, गावाबाहेरच्या रस्त्यावर उभी राहून पाहिलं. उपग्रहाचं होतं. धुकं होतं, काही दिसणार नाही असं वाटत होतं. मग धुकंच आतून पेटलं. आवाज नाही, काही नाही – नुसता उजेड, आणि त्या उजेडातून एक टोक सावकाश वर निघालं. किती सावकाश, तुम्हाला सांगून पटणार नाही. जाईल की नाही असं वाटावं इतकं. आणि मग आवाज आला. तो कानात नाही येत, पोटात येतो. पायाखालची माती बोलते. शेजारच्या कुरणात घोडे होते, त्यांनी मानसुद्धा वर केली नाही – सवयीचे. मी मात्र रडले. मी रडणारी बाई नव्हे. आई गेली तेव्हाही मी स्टोव्हवर चहा ठेवून आलेल्यांची सोय बघत होते. पण त्या रस्त्यावर मी लहान मुलीसारखी रडले, की माणसानं हे केलं, आणि यात माझंही चार ओळींचं गणित आहे.

घरी आल्यावर बाबांना चार पानी पत्र लिहिलं.

बाबा नागपूरच्या एका कापडगिरणीत फिटर होते. दीक्षेच्या दिवशी मैदानातल्या त्या लाखोंच्या गर्दीत तेही होते. त्यानंतर घरातले जुने देव गेले आणि रोज सकाळी त्रिशरण-पंचशील आलं. गिरणीत त्यांच्या डोळ्यांदेखत एका सोबत्याचा हात यंत्रानं ओढून नेला होता. मी अमेरिकेला निघाले तेव्हा त्यांनी स्टेशनवर एकच गोष्ट मागितली. म्हणाले, "बाई, कोणतंही यंत्र चालव. माणसावर चालणारं नको चालवू." मी हो म्हटलं. हो म्हणायला काय लागतं? तेव्हा ते खरंच होतं.

आणि चार-पाच वर्षं खरंच राहिलं. मी उपग्रहांवर काम केलं, पत्रातून बाबांना सगळं समजावलं. उपग्रह दक्षिणेकडे सोडतात, खाली नुसता समुद्र असतो, मग तो ध्रुवांवरून फिरत राहतो आणि पृथ्वी त्याच्याखाली वळत राहते. बाबा हे वस्तीतल्या विहारात रविवारच्या वर्गाला शिकवायचे. सुताचा मोठा गुंडा म्हणजे पृथ्वी, त्यावरून वरून खाली फिरवलेली सुई म्हणजे माझा उपग्रह. मुलं विचारत, तुम्हाला कसं ठाऊक? ते म्हणत, माझी पोरगी पाठवते ना.

मग उपग्रहांचं काम आटलं. मी एव्हाना इथली नागरिक झाले होते. साहेबानं विचारलं, पलीकडच्या बाजूला येतेस का? पलीकडची बाजू म्हणजे क्षेपणास्त्रं. ती दक्षिणेला नाही जात. ती पश्चिमेला जातात, अर्ध्या तासात हजारो मैल, आणि महासागरातल्या एका बेटाजवळ उथळ पाण्यात पडतात. चाचणीत टोकाला स्फोटक नसतं, नुसता मापं घेणारा नमुना असतो – हे मी स्वतःला किती वेळा ऐकवलं असेल. पण ज्याचा हा नमुना, ती अस्सल वस्तू कशासाठी असते, हे न कळण्याइतकी मी बावळट होते का? माझं काम होतं, ते खुणेपासून किती अंतरावर पडलं हे काढणं. जितकं जवळ, तितके आम्ही खूश. केक कापत असू.

मी हो का म्हटलं? तो उजेड सोडवत नव्हता. एवढंच. दुसरी नोकरी सॅन होजेला मिळाली असती, चांगली मिळाली असती. पण तिथे पायाखालची माती बोलली नसती.

बाबांना मी काही खोटं लिहिलं नाही. फक्त नवीन लिहिलं नाही. खरं होतं ते शिळं होऊ दिलं, आणि ते शिळंच वाढत राहिले.

ऐंशीच्या दशकाच्या मधल्या एका उन्हाळ्यात बाबा आमच्याकडे आले. पहिल्यांदा आणि शेवटचे. कोट, माकडटोपी, आणि पिशवीत माझ्यासाठी सांडगे. आल्या दिवशी विचारलं, "तुझं यान कधी उडते?" मग रोज विचारायचे. चार आठवडे झाले, एकही उपग्रह उडला नव्हता, आणि इतक्यात उडणारही नव्हता. एका संध्याकाळी क्षेपणास्त्राची चाचणी होती, आणि त्या पाळीला मी नव्हते. मी बाबांना गाडीत बसवलं आणि समुद्रकिनाऱ्यावर नेलं.

मी त्यांना सांगितलं का, की हे उपग्रहाचं उड्डाण आहे? नाही. त्यांनी विचारलं का? नाही. मी म्हटलं, "चला, बाबा, आज उडणार आहे."

ते मी तुम्हाला कसं सांगू? सूर्य नुकताच बुडाला होता. मागे, टेकडीवर, पौर्णिमेच्या आदल्या दिवसाचा चंद्र. खाली आम्ही अंधुक उजेडात. ते जमिनीतून निघालं आणि या वेळी सावकाश नाही – सुटलंच. त्या अंधुक उजेडातून वर गेलं, आणि वर एका जागी, जिथे अजून ऊन होतं, तिथे पोचताच त्याच्या मागचा धूर एकदम सोन्याचा झाला. मग गुलाबी. मग कडेनं निळा-हिरवा. पिंजलेल्या कापसासारखा पसरत गेला, अर्धं आभाळ भरेपर्यंत. मध्येच एक ठिणगी मागे गळाली आणि पुढचा ठिपका अधिकच झगझगीत झाला. किनाऱ्यावर माणसं होती, कुत्री होती, सगळी वर बघत. लाटासुद्धा मला ऐकू येईनात.

बाबांनी टोपी काढली. मुकादमापुढे न काढलेली, मालकापुढे न काढलेली. त्यांचे पांढरे केस वाऱ्यानं उडत होते आणि तोंड उघडं राहिलं होतं. मला इतका आनंद आयुष्यात क्वचित झाला आहे. हेही कबूल करायलाच हवं ना? त्या क्षणी मला लाज वाटत नव्हती. अभिमान वाटत होता. ते सुंदर होतं. आजही डोळे मिटले की ते सुंदरच आहे, आणि याचं काय करायचं हे मला अजून कळलेलं नाही.

मग बाबांनी आधी चंद्राकडे पाहिलं, मग सूर्य बुडाला त्या जागेकडे. फिटरचा डोळा. म्हणाले, "दक्षिण तं डाव्या हाताला आली ना, बाई? हे तं सूर्याच्या मागं चाललं."

मी म्हटलं, "आधी पश्चिमेला जातं बाबा, उंच गेल्यावर वळतं."

किती पटकन सुचलं. त्यांनी मान हलवली. "मंग बरोबर हाय." सबंध आयुष्य ज्यानं बोल्ट आणि नट बिनचूक बसवले, त्या कारागिराला मी हाताखालच्या उमेदवारासारखं खोटं माप दिलं, आणि पोरीनं दिलं म्हणून त्यानं ते तपासलं नाही.

तुम्हाला वाटेल, हीच माझी कबुली. बापाशी खोटं बोलले. असं असतं तर मी एवढ्या वर्षांनी तुमचा वेळ घेतला नसता. आईबापांना बरं वाटावं म्हणून निम्मी दुनिया थापा मारते.

मिलिंदबद्दल सांगायला हवं. मी टाळते आहे, तुमच्या लक्षात आलं असेल.

मिलिंद औरंगाबादचा मुलगा, आमच्याकडून दीड तासावरच्या विद्यापीठात शिकत होता. जवळपास आमच्या माणसांचं घर म्हणजे आमचंच. तीन वर्षं दर पंधरवड्याला बसनं यायचा, "जयभीम ताई" म्हणत थेट स्वयंपाकघरात. भाकरी तो माझ्यापेक्षा बरी थापायचा. एकदा पीठ मळता मळता त्यानं मला वैशालीचा फोटो दाखवला. नागपूरला मेडिकलला होती, आंतरकॉलेज वादविवादात ओळख झालेली. दोघांचं ठरलं होतं, घरी अजून कुणाला ठाऊक नव्हतं. "ताई, फक्त तुम्हालाच सांगतोय," म्हणाला. फोटोला पीठ लागलं ते त्यानं शर्टाच्या बाहीनं पुसलं.

त्या उड्डाणाच्या दुसऱ्या दिवशी बुद्धपौर्णिमा. सांता मारियाहून तीन कुटुंबं आली होती, मिलिंद आला होता. हॉलमध्ये चादरी अंथरल्या. बाबांनी वंदना घेतली, आम्ही सगळ्यांनी त्यांच्यामागून पंचशील म्हटलं. पहिलं शील हिंसा न करण्याचं, चौथं खोटं न बोलण्याचं. माझा आवाज सगळ्यांत खणखणीत होता. मग खिरीच्या वाट्या फिरल्या आणि बाबा आदल्या संध्याकाळचं सांगायला लागले. रंग, ठिणगी, पोरीचं यान. सगळे ऐकत होते.

मिलिंद हसत म्हणाला, "काका, कालचा लॉन्च मी पण पाहिला, हॉस्टेलच्या टेरेसवरून. काय कलर्स होते! पण ती मिसाइल टेस्ट होती ना ताई? सकाळच्या पेपरमध्ये आलंय."

त्याच्या मनात काही नव्हतं. तो फक्त खरं बोलत होता.

बाबांनी वाटी खाली ठेवली. "काय गं? हा काय म्हणते?"

सगळे माझ्याकडे बघत होते. माझा नवरा खिरीकडे बघत होता. मी त्या वेळी "हो" म्हटलं असतं तर काय झालं असतं? बाबा रागावले असते, गप्प झाले असते, लवकर परत गेले असते. मेले नसते. कुणीच मेलं नसतं.

मी हसले. "काही नाही बाबा. मिलिंदला ना, सनसनाटी काहीतरी सांगायची सवयच आहे."

"ताई, पेपर बॅगेत आहे," तो म्हणाला. "दाखवू?"

मी त्याच्याकडे पाहिलं. फक्त पाहिलं. आणि तो मुलगा समजला. मला आजही आश्चर्य वाटतं, एवढ्याशा वयात कुणाला इतकं लगेच कसं समजतं. त्याचा चेहरा लाल झाला, मग तो म्हणाला, "सॉरी काका. माझीच गफलत झाली असेल."

बाबा त्याला ओरडले नाहीत. ओरडणारे नव्हतेच. शांतपणे म्हणाले, "पोरा, आत्ता तोंडानं शील घेतलं. जे पक्कं ठाऊक नाही ते चारचौघांत बोलू नये. दुसऱ्याच्या मेहनतीवर डाग पडते." मिलिंदनं मान खाली घालून हो म्हटलं. नंतर सगळ्यांच्या वाट्या त्यानंच धुतल्या. त्यानंतर तो आमच्या घरी आला नाही. मीही बोलावलं नाही – सोयीचंच होतं ते.

अजून संपलं नाही. संपलं असतं तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी बाबांचं पत्र आलं. मिलिंदच्या घरून वैशालीला रीतसर मागणी गेली होती. आपल्याकडे मुलगा अमेरिकेत म्हटला की लोक दहा ठिकाणी चौकशी करतात – काय सांगावं, तिकडे काय करतो, कसा राहतो. वैशालीच्या काकांना कळलं, की वस्तीतले एक गृहस्थ अमेरिकेला जाऊन आलेत आणि त्यांनी मुलगा समक्ष पाहिलाय. ते बाबांकडे आले. बाबा खोटी शिफारस करणारे नव्हते आणि घाईनं कुणाला नावं ठेवणारेही नव्हते. म्हणून त्यांनी मला लिहिलं. ते पत्र मला पाठ आहे. 'मुलाबद्दल माझ्या मनात एक खडा आहे, तुला ठाऊकच आहे. पण एका प्रसंगावरून माणूस जोखणं बरं नव्हे. तू त्याला तीन वर्षं पाहिलंस. तू जे लिहिशील तेच मी त्यांना सांगीन.'

कळलं ना तुम्हाला? त्यांनी निकाल माझ्या हातात दिला होता. 'बाबा, इतका सच्चा मुलगा मी पाहिला नाही' – एवढंच लिहायचं होतं. ते खरं होतं. पण मग बाबांनी विचारलं असतं, सच्चा आहे तर त्या दिवशी तो तसं का बोलला? दोघांपैकी एक खोटं आहे, मग कोण? फिटर माणूस, एक नट ढिला निघाला की सबंध यंत्र उघडून बघणार. आणि तोवर बाबा वस्तीत, विहारात, पाहुण्यांत त्या संध्याकाळचं वर्णन करून करून थकले नव्हते. रविवारच्या वर्गात मुलांना रंगांची नावं पाठ झाली होती.

ते पत्र मी आठवडाभर फ्रिजवर ठेवलं. येता जाता दिसायचं. फोटोला लागलेलं पीठ आठवायचं. मग एका दुपारी, जेवणाच्या सुटीत, गाडीत बसून मी उत्तर लिहिलं. घरची खुशाली, हवा, नवऱ्याची बढती. आणि खाली दोन वाक्यं. 'मिलिंद अभ्यासात हुशार आहे. बाकी तुम्ही पाहिलंच आहे.'

ही माझी कबुली. ही दोन वाक्यं. यातलं एकही खोटं नाही, हे बघा. अक्षर मी मुद्दाम सुवाच्य काढलं होतं.

बाबांनी कळवलं, 'तू लिहिलंस तसं मी सांगितलं.' वैशालीच्या घरच्यांनी नकार दिला. तिनं हट्ट धरला असेल, रडली असेल, मला माहीत नाही. वर्षाच्या आत तिचं लग्न अमरावतीच्या एका डॉक्टरशी झालं. मिलिंद शिक्षण संपवून मिशिगनला, ट्रॉयला गेला, गाड्यांच्या कंपनीत. मी आणखी पुष्कळ उड्डाणं पाहिली. प्रत्येक वेळी पोटात तो आवाज आला, प्रत्येक वेळी मी थक्क झाले. शिक्षा म्हणून निदान तेवढं तरी कमी व्हायला हवं होतं की नाही? झालं नाही. आभाळ तसंच रंगत राहिलं आणि मी तशीच मान वर करून बघत राहिले.

दशक संपता संपता बाबा गेले. झोपेत, नागपूरलाच. शोकसभेत तिघांनी माझ्या कामाचा उल्लेख केला, असं भावानं फोनवर सांगितलं.

त्याच आठवड्यात एका रविवारी दुपारी फोन वाजला. मिलिंद होता. कुणाकडून तरी कळलं म्हणाला. इतक्या वर्षांनी तोच आवाज, थोडा जड झालेला. म्हणाला, "ताई, काकांनी तेव्हा वैशालीच्या घरी माझ्याबद्दल जे सांगितलं ना, ते त्यांना मनापासून खरं वाटलं म्हणून सांगितलं. मला त्यांचा राग नाही. कधीच नव्हता. तेवढंच तुम्हाला सांगायचं होतं. त्यांच्यासारखं सच्चं माणूस मी बघितलं नाही, ताई."

मग तो थांबला. घाई केली नाही त्यानं. फोनवर त्याच्या घरातल्या हीटरचा आवाज येत होता. तो माझ्यासाठी थांबला होता. हे मला तेव्हाही कळलं होतं.

मी म्हटलं, "जेवलास का?"

"हो, ताई," तो म्हणाला. "जेवलो."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.